रुपाची तेल घातलेली वेणी

डोळखांबजवळच्या पाड्यावरच्या तानीच्या पोरीला, रुपाला, नसलेल्या हाका ऐकू येऊ लागल्या. तानीनं भगत गाठला नाही, तिला शहरातल्या मोठ्या दवाखान्यात आणलं. डोक्याला तारा लावून एकसारखे बीप ऐकवायचे, आणि मधेच वेगळा आवाज आला की मेंदू दचकतो का ते बघायचं, अशी तपासणी होती. पण पोर झिपरी दिसू नये म्हणून तानीनं सकाळीच तिचं डोकं तेलानं चोपडून वेणी घातली होती. तारा चिकटेनात. तेल लावू नका, एवढं आधी सांगायला कुणाचं तोंड दुखलं असतं का?

"केस धुवून पुढच्या महिन्यात या," तारा लावणारी बाई म्हणाली.

"तवा आमी वीटभट्टीवर असू! आत्ता नळाखाली धुते की!"

तोवर पुढच्या पेशंटला आत घेतलंसुद्धा.

परतताना एसटीत तानी पदरानं तेल पुसत राहिली. रुपा खिडकीबाहेर कुणाला तरी ओ देत होती.