वन्संची रोवळी

माझ्या मोठ्या नणंदेला, आमच्या वन्संना, दुसऱ्याने विकत घेतलेलं एकही भांडं कधी आवडलं नाही. त्या पंचवटीत राहायच्या, आमच्यापासून चालत दहा मिनिटांवर. आल्या की बैठकीत न थांबता सरळ ओट्याशी. मांडणीवरची एकेक वस्तू उचलून बघायच्या आणि भलत्याच जागी ठेवायच्या. "माझ्या भावाचं घर हाय, पाहुण्यासारखी कशाला बसू?" घर माझंही आहे, हे त्यांच्या हिशेबात कधी आलंच नाही.

चहाच्या गाळण्यांवर त्यांचा विशेष राग. बारीक जाळीची आणली तर, "चहा खाली उतरेस्तोवर दुपार होईल." मोठ्या जाळीची आणली तर, "भुकटी प्यायला लावती का गं?" एकदा प्लॅस्टिकची नवीकोरी गाळणी त्यांनी माझ्यादेखत कामवाल्या बाईंना देऊन टाकली. आमचे हे पेपर वाचत होते. बहीण घरात असली की ह्यांचा पेपर कधी संपतच नसे.

मला वस्तू मोजूनमापून घ्यायची सवय आहे. होळी जवळ आली होती, लेकीच्या सासरचे लग्नानंतर पहिल्यांदाच जेवायला येणार होते, आणि पुरणाची डाळ निथळायला धड रोवळी नव्हती. पातेल्याचं तोंड मोजून मी भांडी बाजारात गेले, पट्टी लावून भोकं पाहिली. दोन मिलिमीटरची, कड रुंद, पातेल्यावर घट्ट बसणारी. संसारात पहिल्यांदा मी एकटीने निवडलेली वस्तू. दोन दिवसांनी बाहेरून आले, तर मांडणीवर दुसरीच रोवळी.

"बदलून आणली," वन्सं म्हणाल्या. "तुझीतून पाणी कधी गळायचं? हिची भोकं बघ कशी हायेत."

भोकं चांगली चार मिलिमीटरची. मी म्हटलं, उद्या परत बदलून आणते.

"कशी आणशील? नाव घातलंय."

भांड्यावर एकदा नाव कोरलं की दुकानदार ते परत घेत नाही. मी कड फिरवून बघितली. नाव त्यांचं होतं. "ऱ्हाऊ दे, माझी आठवण," म्हणाल्या, आणि माझ्याच डब्यातला लाडू खात बसल्या.

होळीला वन्सं सकाळीच हजर. तीन शिट्ट्या झाल्यावर मी गॅस बंद करायला गेले, तर त्यांनी माझा हात धरला. "अजून दोन होऊ दे. कच्ची राहती." डाळ पार गाळ शिजली. रोवळीत ओतली तशी निम्मी डाळ कटाबरोबर खाली पातेल्यात. पाऊण किलोचं पुरण पाहुण्यांना पुरलं नाही, आमटीचं पिठलं झालं. विहीणबाईंच्या पानात दुसरी पोळी वाढता आली नाही, तेव्हा वन्संच पुढे झाल्या. "आमच्या सुनीतानं डाळ लय शिजवली बघा. शिकंल हळूहळू." मी बावन्न वर्षांची. लेक ताटाकडे बघत राहिली.

पाहुणे गेल्यावर मी रोवळी घासून पुसून पिशवीत घातली आणि वन्संच्या हातात दिली. म्हटलं, "वन्सं, उद्यापासून ओट्याशी यायचं नाही. बाहेर बसायचं. चहा मी आणून देईन."

"माझ्या भावाच्या घरात?" त्यांनी ह्यांच्याकडे बघितलं.

ह्यांनी पेपर खाली ठेवला. "आक्का, ओटा तिचा आहे," एवढंच म्हणाले.

खोटं लिहिणार नाही. त्यांच्याइतकी पातळ पुरणपोळी मला अजून जमलेली नाही, आणि माझ्या बाळंतपणात महिनाभर त्यांनीच मला भरवलं होतं. म्हणून त्या मला आवडू लागल्या, असं मात्र नाही.

पुढे त्या मुलाकडे पुण्याला राहायला गेल्या. पुढच्या वर्षी पाडव्याच्या आधी त्यांचा फोन आला. आवाज बसलेला. "सून मला गॅसला हात लावू देत नाय गं. चहाला सुद्धा नाय." मग म्हणाल्या, "पाडव्याला येऊ का तिकडं? पुरणाचं बघीन मी."

"या की वन्सं," मी म्हटलं. "जेवायला या. पुरण मी करून ठेवीन."

पलीकडे कुकरची शिट्टी झाली. कोणीतरी गॅस बारीक केला असावा, कारण दुसरी शिट्टी आली नाही आणि वन्सं फोनवरच होत्या.

"म्हंजे, केलेलंच वाढणार तू."

"हो," मी म्हटलं.

त्या आल्या नाहीत.