गोंदियाची भाची

भिलाईच्या स्टील प्लांटमधली माझी नोकरी संपली आणि दुर्गच्या एका बालगृहानं मला एक मुलगी जोडून दिली. सांभाळायला नाही, बाहेरचं जग दाखवायला. अठरा पूर्ण झाली की या मुलांना संस्था सोडावी लागते, म्हणून त्याआधी प्रत्येकाला असा एक वडीलधारा माणूस देतात. लहानपणी हिच्या घरी मराठी बोलत, एवढ्यावरून ती माझ्या वाट्याला आली. सोबत 'वेळेचे नियोजन', 'भावनांचे व्यवस्थापन' असले तक्तेही आले होते. ते मी कपाटावर टाकले आणि पोरीला स्कूटरवर बसवून सेक्टर सहाच्या बाजारात नेलं.

तिथं कळलं की भाव करणं दूरच, कोणती भाजी घ्यायची हेच तिला ठरवता येत नाही. "तुमी म्हनाल ते," म्हणून उभी. आयुष्यभर ताटात पडेल ते खाल्लेलं! "मी कशाला म्हणू? जेवायचं तुला आहे," मी म्हटलं. भाजीवाला वैतागला, मागच्या बाया कुरकुरल्या, मी ढिम्म. शेवटी तिनं भेंडी घेतली आणि घरी आल्यावर सांगितलं की तिला भेंडी आवडत नाही, समोर दिसली म्हणून घेतली. मी कपाळावर हात मारला. पण पुढं पुढं ही शहाणी माझ्याच पिशवीतली वांगी किडकी म्हणून परत करायला लागली.

आयटीआय झाल्यावर भिलाईतल्या एका वर्कशॉपनं तिला वेल्डिंगला घेतलं. अठरा पूर्ण होत आली होती, आता खोली हवी होती. महिनाअखेरपर्यंत मिळाली नाही तर संस्था तिला रायपूरच्या वसतिगृहात पाठवणार, म्हणजे हातातलं काम गेलंच. आम्ही दारोदार फिरलो. आईवडील काय करतात, या प्रश्नापर्यंत सगळं गोड असायचं. बालगृह म्हटलं की खोली नेमकी कालच गेलेली असायची. माझं डोकं फिरलं.

म्हणून वैशाली नगरात मी वेगळा डाव टाकला. घरमालकीण आपल्या विदर्भाकडची, आणि आपली माणसं आधार कार्डाच्या आधी गाव विचारतात. तिनं तोंड उघडायच्या आत मीच ठोकून दिलं, "माझी भाची आहे. गोंदियाची."

"अवो, माहं माहेर गोंदियाचं!" ती खुर्ची ओढून बसलीच. "कोन्या मोहल्ल्यातली?"

गोंदिया मी फक्त गाडीच्या खिडकीतून पाहिलेलं. "स्टेशनजवळ," मी म्हटलं.

"स्टेशनच्या कोन्या बाजूले?"

मी पर्समध्ये उगाच काहीतरी शोधायला लागले.

"काकू खोटं बोलून राहिल्या," पोरगी शांतपणे म्हणाली. "मी यांची कोनी नाई. बालगृहातली हावो. माहं गाव मलेच मालूम नाई."

झालं, ही पण खोली गेली, असं मी मनात म्हटलं. घरमालकिणीनं मला आपादमस्तक न्याहाळलं, मग पोरीकडे वळली. "उद्या काई झालं तं बोलवाचं कोनाले?"

"मलेच बोलवा ना. मी इथंच राहीन. आता मी इचारू? दरवाज्याले आतून कडी हाय का?"

"कडी कावून?"

"आमच्या तिथं आतून कडी नसे. कोनीबी कवाबी येये. मले कडीवाली खोली पायजे. नसन तं दुसरी पाहीन."

मला इतका आनंद झाला की रडू आवरेना. हातातली एकमेव खोली, आणि पोरगी ती नाकारायला तयार होती!

"कडी हाय," घरमालकीण म्हणाली आणि हसली. "तुमच्या भाचीले नसती देल्ली, बाई. इले देईन."

पुढच्या रविवारी कुकर, गादी आणि दोन पिशव्या घेऊन आम्ही गेलो. मी पदर खोचून शेगडी कुठं ठेवायची ते सांगायला लागले, तर म्हणते, "काकू, आता तुमी जा."

मी बाहेर आले. दार लागलं. कडी सरकली, निघाली, पुन्हा लागली. अंगणात घरमालकीण उभी होती. "चाय मांडला हाय. नेऊन देऊ का तिले?" तिनं हळूच विचारलं.

"दार वाजवून पाहा," मी म्हटलं. "उघडायचं की नाही, ते ती ठरवेल."