साडभाऊंचं ‘पीछे मुड’

लंगडणाऱ्या माणसांमध्ये आमच्या साडभाऊंइतका ताठ चालणारा माणूस अख्ख्या वऱ्हाडात सापडायचा नाही. आणि ताठ चालण्यापायी स्वतःचं एवढं नुकसान करून घेतलेला तर कुठेच सापडायचा नाही. साडभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. एकोणिसाव्या वर्षी अमरावतीच्या भरतीत उभे राहिले आणि फौजेत गेले. सहाव्या वर्षी डावा खुबा मोडून परत आले आणि पुढची सारी वर्षं अकोल्याच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये चौकीदारी केली. फौजेने त्यांना सोडलं, पण त्यांनी फौजेला सोडलं नाही. आज सत्तरीतही दाढी पहाटे पाचला होते, आणि अकोल्याच्या मे महिन्यात, जेव्हा माणसं बनियनवर बसून घाम पुसतात, तेव्हा हे बुटाला पॉलिश करत असतात. माझ्या मुलीच्या लग्नात पंगतीची व्यवस्था त्यांच्याकडे दिली, ती माझी चूक. त्यांनी वरपक्षाला उंचीप्रमाणे बसवलं. व्याही ठेंगणे, ते पार शेवटी बसले, आणि त्यांच्यापर्यंत जिलेबी पोचलीच नाही. ते अजून तो विषय काढतात.

पाय कसा मोडला, असं विचारणाऱ्याला वाटायचं की आता गोळीबाराची कथा ऐकायला मिळणार. साडभाऊ शांतपणे सांगायचे, “खेचरानं पाडलं.” वरच्या चौकीवर रॉकेल नेणारं खेचर कड्यावर बुजलं, यांनी दोर सोडला नाही, आणि दोघेही खाली गेले. खेचर वाचलं. एकदा स्वातंत्र्यदिनाला शाळेत त्यांची ओळख करून देताना मी ‘शत्रूशी झुंजताना’ असं ठोकून दिलं. माईक हातात येताच ते म्हणाले, “बडेबाबूनं चुकीचं सांगलं. खेचर आपलंच होतं.” मी चांदूर रेल्वेच्या तहसिलीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालो आणि अकोल्यात येऊन राहिलो; त्या हुद्द्यामुळे त्यांच्या तोंडी मी बडेबाबू. पोरं हसली, मुख्याध्यापकही हसले. साडभाऊ मात्र गंभीर होते, कारण खेचराची बदनामी झाली असती.

त्यांच्याच बरोबर, त्याच दिवशी भरती झालेले त्यांचे एक मित्र शेंदूरजनाघाटला असतात. त्यांनी पुरी नोकरी केली आणि सुभेदार होऊन निवृत्त झाले. दर मोसमात संत्र्यांची पेटी घेऊन अकोल्याला येतात, साडभाऊंच्या जिन्याच्या दोन-दोन पायऱ्या एकदम चढतात आणि तासभर मोठ्याने हसून जातात. माणूस सोन्यासारखा. सुभेदारांची पेन्शन साडभाऊंच्या कैक पट आहे, पण साडभाऊंनी त्यांचा कधी हेवा केला नाही. त्यांना टोचायचं ते दुसरंच. एकदा संत्रं सोलता सोलता म्हणाले, “त्याले नोकरीचं भेटते, मले पायाचं. त्याची नोकरी पुरी झाली, आता तिले कोणी तपासत नाही. मी पैसे घेतो ते माझ्यात जे नाही त्याचे.” त्यांना सहा वर्षांच्या नोकरीचं थोडंसं मिळायचं, आणि उरलेलं अपंगत्वाचं, टक्क्यांवर. फौजेच्या डॉक्टरांनी तेव्हा तीस टक्के लिहिले होते. साडभाऊ स्वतःला कधी अपंग म्हणवून घेत नसत. बसमध्ये त्या राखीव जागेवर कोणी बसवलं तर पुढच्या स्टॉपला उतरून जायचे.

ते राहतात वरच्या मजल्यावर, भाड्याने. जिना अरुंद, कठड्याशिवायचा, एकोणीस पायऱ्यांचा. तीन वर्षांपूर्वी एक दिवस ताईंनी, म्हणजे माझ्या मेहुणीने, मला स्वयंपाकघरात बोलावलं आणि हळूच म्हणाल्या, “भाऊजी, हे पायरीवर बसून उतरतेत. कोणी पाहू नये म्हून खाली सामसूम होयेपर्यंत वरच थांबून रायतेत. एखाद्या दिवशी पडतीन.” त्याच गल्लीत खालच्या मजल्यावर दोन खोल्या रिकाम्या होत्या, भाडं मात्र दुप्पट. टक्के वाढले तर ते जमलं असतं. मग मी कंबर कसली. फेरतपासणीचा अर्ज लिहिला, आणि अर्ज लिहिण्यात माझा हात धरणारा तालुक्यात नव्हता. ‘चालणे अशक्यप्राय झाले असून’ असं वाक्य मी त्यात घातलं. टक्के वाढण्याऐवजी घटूही शकतात आणि विसाच्या खाली गेले तर पायाचे पैसेच बंद होतात, हे मला ठाऊक होतं. पण हा पाय पाहिल्यावर घटवील कोण?

साडभाऊंनी अर्जावर सही केली ती ताईंच्या डोळ्यांत पाणी आलं म्हणून. पण ते वाक्य त्यांच्या जिव्हारी लागलं. “अशक्यप्राय? कोणी सांगलं तुले?” आणि दुसऱ्या दिवसापासून त्यांनी गच्चीवर सराव सुरू केला. महिनाभर, रोज सकाळी. मला वाटलं व्यायाम करून राहिले, बरं आहे. ते तपासणीची परेड बसवत होते, हे माझ्या डोक्यात आलं नाही.

लष्करी रुग्णालयात ते इस्त्रीचा शर्ट घालून गेले. आदल्या दिवशी ताईंनी मला बजावलं होतं, “हे काही बोलायचे नाईत. तुमी तरी खरं सांगजा.” तपासणीला एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी चालून दाखवायला सांगितलं. साडभाऊ बारा पावलं गेले, टाच वाजवून वळले आणि बारा पावलं परत आले. लंगडणं दिसलं नाही. कानामागून घामाची धार मात्र मला दिसली. बाईंनी माझा अर्ज पुन्हा वाचला. बाई कनवाळू असाव्यात, कारण त्यांनी लगेच काही लिहिलं नाही. दारात उभ्या असलेल्या मला त्यांनी विचारलं, “आप घर के हैं ना? ये घर पर भी ऐसे ही चलते हैं?”

साडभाऊ सावधानमध्ये उभे होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत हुकूम असता तर मी मोडला असता. ती विनवणी होती. त्यांनी कोणाला विनवलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. मी म्हणालो, “हां जी. ऐसे ही चलते हैं.” नोकरीभर मी लोकांच्या भल्यासाठी कितीतरी खोटं लिहिलं, त्याची मला लाज नाही. पण या एका खोट्याची आहे.

अडीच महिन्यांनी पत्र आलं. पंधरा टक्के. पायाचे पैसे बंद. साडभाऊंनी ते दोनदा वाचलं, घडी घालून खिशात ठेवलं आणि म्हणाले, “म्हंजे सुभेदारात अन् माझ्यात आता पंधरा टक्क्याचाच फरक राहिला.” ताईंनी मला समोर बसवलं. चहा दिला, त्यात साखर नेहमीएवढीच होती. मला वाटतं, तिथे मी काय सांगितलं ते त्यांना कळलं होतं.

खालच्या खोल्यांत दुसरं बिऱ्हाड आलं. मी आता रोज संध्याकाळी साडभाऊंना फिरायला न्यायला जातो. जिन्याखाली उभा राहिलो की वरून हुकूम येतो, “बडेबाबू, पीछे मुड.” मी रस्त्याकडे तोंड करतो. मागे पँट पायरीवर घासत खाली येते, एकेक पायरी. मग झटकल्याचा आवाज होतो, ‘विश्राम’ म्हणतात, आणि मी वळतो तर साडभाऊ ताठ उभे असतात.

परवा अकराव्या पायरीवर आवाज थांबला. बराच वेळ नुसता श्वास ऐकू येत होता. मी न वळताच विचारलं, “भाऊ, येऊ का वर?”

“हुकूम भेटला का तुले?” ते म्हणाले. आवाज बारीक झाला होता.

वळायला हवं होतं. त्या दिवशी डॉक्टरीणबाईंसमोरही त्यांच्या मनाविरुद्ध जायचं माझ्याकडून असंच राहून गेलं. पण मी रस्त्याकडेच पाहत उभा राहिलो, आणि घासण्याचा आवाज पुन्हा सुरू झाल्यावर उरलेल्या आठ पायऱ्या मोजल्या.