रेश्मा दार उघड

भूतबित मी मानत नाही, आजही नाही. काही बिघडलं की कारण असतंच, आपण आळशी म्हणून सापडत नाही... असं मी ज्युनियर पोरांना ऐकवायचो.

उल्हासनगरला इलेक्ट्रिकचं सामान विकणाऱ्या एका ऑनलाइन दुकानात मी सर्व्हर सांभाळतो. आमचं सर्च फार रखडायचं. आमचे सिंधी सेठ रोज डोकं खायचे, "साईं, गिऱ्हाईक थांबतं का एवढं?" उशीर नेटवर्कमुळे होतो की आमच्याच सॉफ्टवेअरमुळे, हे एकदाचं बघायचं म्हणून रविवारी दुपारी, दुकान बंद असताना, समोरच्या टपरीवर चहा घेतला आणि तळघरातल्या सर्व्हररूममध्ये शिरलो. दार मागे लागलं. नेटवर्क बाजूला काढायचं म्हणजे केबलच उपटायची. उपटली.

मग आठवलं... ते दार कार्डवर उघडतं, आणि कार्ड तपासायला त्याला हीच केबल लागते.

घाईत परत खुपसायला गेलो तर आतल्या पिना वाकल्या. मोबाईलला रेंज नाही, खिडकी नाही, दम्याचा पंप बाहेर बॅगेत. दारावर लाथा मारल्या, ओरडलो, मग ओरडायलाही श्वास पुरेना. खोटं कशाला बोलू, फाटली होती माझी. स्क्रीनवर आमचं सर्च उघडं होतं. त्यातच टाइप केलं — "रेश्मा दार उघड". रेश्मा माझ्यासोबत काम करते, राहते बदलापूरला. सर्चला काहीच सापडलं नाही की शोधलेले शब्द तिच्या मोबाईलवर मेसेज म्हणून जातात. केबल नाही हे कळत होतं, तरी एंटर दाबलं.

आणि बाहेर किल्ल्या वाजल्या.

दारात रेश्मा, घामाघूम, हातात सेठच्या घरून आणलेल्या किल्ल्या. "दादा, मेसेज बघितला आणि भरलं ताट टाकून निघाले. वाटेत फोन करत होते, लागेना."

तिने मोबाईल दाखवला. अक्षर न् अक्षर तेच. पण मेसेज आल्याची वेळ बघितली, तेव्हा तर मी बाहेर टपरीवर चहा पीत होतो.

सर्व्हरचं घड्याळ, मोबाईलचं घड्याळ, सगळं तपासलं. दोन्ही बरोबर. उत्तराला उशीर का होतो ते मी तासभर समजावू शकतो. ते आधी कसं येतं, ते अजून कळलेलं नाही.

त्या खोलीत मी आता पाऊल ठेवत नाही. पण काल ऑफिसात रेश्माचा मोबाईल वाजला. तिने वाचलं आणि माझ्याकडे फिरवला... "रेश्मा दार उघड". मी तिच्या समोरच बसलो होतो.

मग ती हळू म्हणाली, "दादा, ह्या वेळी कुठलं दार ते तरी लिहायचं ना."