जित्या माणसाची तार

शहापूरच्या आमच्या विणकर गल्लीत इंग्रजी चौथीपर्यंत शिकलेली मी एकटीच, म्हणून गल्लीच्या तारा मीच लिहायची. घरात कुणी गेलं तर परगावच्या मुलाला तसं कळवायचं नाही, असा आमच्याकडे रिवाज. वाटेतच त्याने हाय खाल्ली तर? म्हणून तारेत 'सीरियसली इल', गंभीर आजारी, एवढंच घालायचं. जित्या माणसासाठी ते शब्द गल्लीत कुणी वापरलेले मला आठवत नाहीत.

लढाईच्या दिवसांत अण्णा, माझा थोरला भाऊ, पलटणीबरोबर जबलपूरला होता. त्याने पत्रातून बजावलं होतं, "कुणाचं दुखणं वाढलं तर तारेत 'सीरियसली इल'च लिव. त्याबिगर सायेब रजा देत न्हाय." पुढे आईचा ताप उतरेना. मागाशेजारी सुताच्या कांड्या भरता भरता ती आडवी झाली ती उठलीच नाही. पडल्या पडल्या एकच विचारायची, "अण्णाला कळवलंस न्हवं?"

तारेचा कागद पुढ्यात घेऊन मी ते दोन शब्द उच्चारले, तशी आप्पा, आमचे वडील, भडकले. "जित्या माणसाची असली तार करायची न्हाय गं. अभद्र हाय ते."

मी तोंडाची फटकळ, एरवी वाद घातला असता. पण खरं सांगते, माझाच हात धजेना. याच हाताने गल्लीतली चार माणसं मी त्या शब्दांत पोचवली होती. मी 'स्लाइटली इल' लिहिलं. थोडी आजारी.

अण्णा आला नाही. आई दाराकडे तोंड करून निजायची, कूस बदलायला लावली की रागवायची. बाहेर बुटांचा आवाज आला की मान उचलायची. आठव्या दिवशी ती गेली.

मग मात्र मी अण्णाने सांगितलेलीच तार केली. रजा लगेच मिळाली.

चौथ्या दिवशी तो गल्लीतून जवळजवळ धावतच आला, हातात संत्र्यांची पिशवी. रिवाज त्यालाही ठाऊक होता, पण ते शब्द मागून घेतले होते त्यानेच. माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाला, "बरं झालं सांगितल्यागत लिवलंस. थोडी आजारी म्हटल्यावर सायबानं हाकललं हुतं मला. कुठं हाय आई?"

मी दारातून बाजूला झाले.