सामायिक आणि गोळी

माझ्या डोक्यात काय चाललंय हे मी सोडून घरात सगळ्यांना कळायचं. मला फिट यायच्या, म्हणून दोन वेळच्या गोळ्या चालू होत्या. शिवाय रोज सकाळी सामायिक, आम्हा जैनांचं ध्यान: अठ्ठेचाळीस मिनिटं एका आसनावर, तोंडाला मुहपत्तीचं फडकं, मनात नवकार मंत्र. ती मात्र मी आजारासाठी करत नव्हते. लहानपणापासून करते, मला आवडते.

जळगावला मेंदूचा आलेख काढायला निघाले तेव्हा सासरे म्हणाले, "मन शांत ठेव, म्हणजे रिपोर्ट चांगला येईल." मी नापास होण्याच्या धाकात वाढलेली मुलगी. केसांत पेस्ट लावून वायरी चिकटवल्या, तसे मी डोळे मिटले आणि नवकार सुरू केला. "ताई, तीन मिनिटं जोरजोरात श्वास घ्या," तिथला माणूस म्हणाला. मी दोन-चार घेतले आणि हळूच सामायिकेतल्या संथ श्वासावर आले. तो दोनदा ओरडला, मग कंटाळला. "बठ्ठं चांगलं शे," पडद्याकडे बघत पुटपुटला. सगळं चांगलं आहे म्हणे! मला वाटलं, जिंकले.

कागदावर दोष काही नव्हता. डॉक्टरांना न दाखवताच सासऱ्यांनी गोळ्या बंद केल्या आणि आमच्या धरणगावभर सांगत सुटले की सून सामायिकेने बरी झाली. सांगितलेला श्वास मी घेतलाच नव्हता, हे मीही कुणाला सांगितलं नाही, कबूल करते.

अकराव्या दिवशी आमच्या दुकानात साडीची घडी घालताना मी कोसळले. शुद्धीवर आले तेव्हा तोंडात रक्त होतं आणि सासरे म्हणत होते, "सामायिकेत मन लागलं नसेल." तो राग अजून उतरलेला नाही. जीभ माझी फाटली आणि चूकही माझ्याच ध्यानाची?

दुसऱ्या दिवशी कुणाला न विचारता बस पकडली आणि डॉक्टरांपुढे सगळं ओकले. ते म्हणाले, "अहो, ही परीक्षा नाही. दडलेला आजार बाहेर यावा म्हणूनच जोरात श्वास घ्यायला लावतात. ध्यानाने लहरी संथ होतात, खुशाल बसा. पण अर्ध्या तासाच्या कागदावरून गोळी बंद करायची नसते." पुन्हा वायरी लागल्या. या वेळी मी भात्यासारखा श्वास ओढला. नंतर त्यांनी पडद्यावर दाखवलं, सरळ रेघांतून टोकदार सुळके उसळले होते. खोटं का बोलू, मला बरं वाटलं. ते सुळके माझ्या बाजूने बोलत होते.

घरी येऊन कागद सासऱ्यांपुढे ठेवला. त्यांनी तो बराच वेळ उलटसुलट केला. "आता लोकांना काय सांगू मी?" ते म्हणाले.

"सांगा, सून सामायिकही करते आणि गोळीही घेते," मी म्हणाले, आणि त्यांच्यासमोर उभी राहून गोळी गिळली.