मामाजींना ऐकू आलं तेव्हा

चमत्काराच्या, भुताखेताच्या बातम्या डेस्कवर आल्या की मी त्या न वाचताच बाजूला सारायचो. नागपूरच्या एका दैनिकात उपसंपादकी करण्यात माझं आयुष्य गेलं. कोणी पाहिलं, कुठून पाहिलं, मध्ये किती अंतर होतं — एवढं विचारलं की असल्या बहुतेक गोष्टी दुसऱ्या प्रश्नालाच आटोपतात. खालची गोष्ट आटोपली नाही. तिला सगळे प्रश्न मी स्वतः विचारून पाहिले आहेत. जे स्वतः पाहिलं आणि ऐकलं तेवढंच लिहितो.

साल १९८२, दिवाळीच्या आधीचा एक रविवार. ठिकाण भंडारा शहराच्या कडेचा पूरतलाव. ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. वैनगंगेला पूर आला की शहरातून जाणाऱ्या नाल्याचं पाणी नदीत उतरत नाही, उलटं फिरतं आणि खालच्या वस्त्यांत शिरतं. ते पाणी शहराच्या वरच्या अंगालाच अडवून धरायला एक लांब मातीची पाळ आणि तिला लोखंडी गेट, असा हा तलाव. पुराच्या वेळी भरायचा, बाकी वर्षभर रिकामा ठेवायचा. पावसाळा सरला की त्याच्या पोटात हिरवंगार गवत उगवे, मधोमध घोट्याएवढा नाला वाही, आणि रविवारी अर्धं भंडारा तिथे पार्टीला येई. व्हॉलीबॉल, ट्रान्झिस्टर, गोवऱ्यांवर भाजलेले कणकेचे रोडगे. नाल्यापलीकडे एक उंचवटा होता, त्यावर मोहाचं झाड, आणि त्या झाडाला कोणीतरी बांधून ठेवलेला झोका.

आम्ही पाच जण होतो. मी, माझी बायको सुधा, आमची चार वर्षांची मिनू, सुधाचा धाकटा भाऊ प्रभाकर, आणि मामाजी — म्हणजे माझे सासरे. मामाजी तुमसरच्या एका राइस मिलमध्ये मिस्त्री होते. सुधा आठ-नऊ वर्षांची असताना त्यांना मोठा ताप आला आणि त्या तापात दोन्ही कान गेले. कमी ऐकू येत होतं असं नाही, काहीच ऐकू येत नव्हतं. पाठीमागे फटाक्यांची लड लावली तरी ते वळत नसत. समोर बसलं तर ओठ बघून घरच्यांचं बोलणं ओळखत आणि स्वतः मोठ्या आवाजात बोलत.

जेवणाआधीची गोष्ट. सुधा आणि प्रभाकर पाळीवरच्या हातपंपावर पाणी आणायला गेले होते. हाक ऐकू येणार नाही इतके लांब, आणि आमच्याकडे पाठ करून. मी रोडग्यांवर निखारे ओढत होतो. मामाजी वांगी चिरत होते, मिनू त्यांच्या मांडीशी.

एकाएकी त्यांची मान गर्रकन वळली. नाल्याच्या दिशेने नाही, पाळीच्या दिशेने. हातातलं वांगं खाली पडलं.

"काय म्हणते सुधा?" त्यांनी मला विचारलं.

मी हाताने खूण केली — सुधा तिकडे आहे, पंपावर.

"आवाज आला मले." ते कानाला हात लावून बसले होते. "बाबा, दुपट्ट्यानं बांधा तिले. पाठीले बांधा, म्हणते. तुमाले आयकू नाई आलं काय, जवाई?"

मी नाही म्हणून मान हलवली. माझ्या चेहऱ्यावर काय होतं कोण जाणे, बहुधा कीव. म्हाताऱ्याला भास व्हायला लागले, एवढाच विचार माझ्या मनात आला होता. त्यांनी तो वाचला असावा. ओठ वाचणाऱ्या माणसाला चेहरा वाचणं काय अवघड! त्यांनी खांद्यावरचा दुपट्टा काढला, मिनूला पाठीवर घेतलं आणि कमरेभोवती, छातीवरून असा वेढा घालून घट्ट गाठ मारली. मिनूला मजा वाटली.

सुधा बादली घेऊन परतली. समोर येऊन तोंड दाखवत म्हणाली, "बाबा, काहून बांधली पोरीले? बकरी हाय का ते?"

"असंच."

"असंच म्हंजे?"

"तुले काय करायचं हाय? माही नात हाय."

प्रभाकर हसला. "राहू दे ना ताई. बाबा गाय झाले, वासरू बांधून फिरून राहिले."

सुधाने गाठ सोडली, मिनूला जेवायला बसवलं. मामाजी जेवताना तिच्या ओठांकडे सारखे बघत होते. ती बोलली की थोडं पुढे झुकत, कान तिच्या दिशेने करत... आणि पुन्हा मागे सरत. त्यांनी ऐकलेलं वाक्य त्यांनी तिला सांगितलं नाही. मीही नाही. पार्टीत कशाला विषय, म्हणून. हे मुद्दाम नोंदवतो, कारण पुढे याच मुद्द्यावर मी स्वतःची उलटतपासणी केली आहे. चार वर्षांची मिनू सोडली तर ते शब्द त्या वेळी आम्हा दोघांशिवाय कोणालाही माहीत नव्हते.

जेवण झाल्यावर मिनूने झोक्याचा हट्ट धरला. मामाजींनी पुन्हा तिला पाठीला बांधलं आणि नाला ओलांडून उंचवट्यावर गेले. सुधा एवढंच म्हणाली, "आज बाबाले काय झालं?" आम्ही तिघं सामान आवरून पाळीवर चढलो आणि सावलीला बसलो.

आभाळ स्वच्छ होतं. वरच्या अंगाला, डोंगराकडे, सकाळी मोठा पाऊस झाला होता हे नंतर कळलं. गेटमधून निघतं त्याहून जास्त पाणी वरून आलं की तलाव भरतो. त्यासाठीच तो बांधलेला. पण दिवाळीच्या तोंडावर असं पाणी येईल, असं तिथल्या एकाही माणसाच्या मनात नव्हतं.

आधी व्हॉलीबॉल खेळणारी पोरं पळताना दिसली. मग बायका, भांडी तशीच टाकून. नाला नाल्यासारखा राहिला नव्हता. तांबूस पाण्याचा एक पसरट पट्टा गवतावरून सरकत येत होता, आवाज न करता. आमच्या चुलीचा धूर एकदम पांढरा झाला आणि विझला.

उंचवटा आमच्या समोर होता. मिनू झोक्यावर, सुटी. दुपट्टा मामाजींच्या खांद्यावर. आणि मामाजींची पाठ आमच्याकडे.

"बाबा!" प्रभाकर ओरडला. काय उपयोग? पाळीवरची पन्नास माणसं ओरडू लागली. मामाजी शांतपणे झोका देत होते. प्रभाकरने दगड उचलून फेकले. ते अर्ध्यातच पाण्यात पडले. मी शर्ट काढून हलवत होतो. पाहायला कोण होतं? पाणी उंचवट्याला वळसा घालून मागून येत होतं. झोका पुढे गेला की मिनू झाडाआड जाई, मागे आला की दिसे.

शेवटी मिनूनेच मान वळवून आम्हाला पाहिलं. तिने बोट दाखवलं. मामाजी वळले.

एक क्षण ते पाण्याकडे बघत उभे राहिले. मग त्यांनी तिला झोक्यावरून उचललं आणि झाडाच्या बुंध्याकडे वळले. पुन्हा पाठ आमच्याकडे. बुंध्याआड मिनूला ओणव्या पाठीवर घेऊन ते दुपट्टा फिरवत होते, हे नंतर कळलं; दुरून आम्हाला नुसतीच हातांची धडपड दिसत होती. सुधाला वाटलं, ते तिला कडेवर घेऊनच पाण्यात उतरणार. तेव्हा ती ओरडली.

"बाबा, दुपट्ट्यानं बांधा तिले! पाठीले बांधा!"

मी तिच्या शेजारी, हातभर अंतरावर उभा होतो. शेवटच्या 'बांधा'वर तिचा आवाज फाटला, दोन तुकडे झाल्यासारखा. शब्दाला शब्द तेच, जे मामाजींनी मला जेवणाआधी सांगितले होते. समोर काय चाललं होतं ते मी क्षणभर विसरलो, हे खरं आहे.

मामाजी उतरले तेव्हा मिनू पाठीला बांधलेली होती. पाणी कमरेला, मग छातीला. जिथे मूळ नाला होता तिथे त्यांचा पाय गेला आणि ते बुडाले. दोघंही दिसेनात. सुधाने माझा दंड धरला होता. तिची नखं उतरली होती, ते मला रात्री कळलं. मग थोडं खाली, गेटच्या बाजूला, आधी मिनूचं डोकं वर आलं, मग त्यांचं. ते दोन्ही हात पाण्यावर मारत होते. हे लक्षात घ्या — दोन्ही हात मोकळे होते. पोरीला धरायला त्यांच्यापाशी एकही हात नव्हता, आणि पोर पाठीवरच होती. प्रभाकर आणि एक अनोळखी गडी पाण्यात उतरले होते. त्यांनी मामाजींना सदऱ्याला धरून पाळीच्या दगडांवर ओढलं. गाठ ओली होऊन इतकी आवळली होती की ती सुटेना. विळीने दुपट्टा कापावा लागला.

मिनू रडत होती. म्हणजे ठीक होती.

संध्याकाळी घरी मी मामाजींसमोर बसलो. सवयीने चौकशी सुरू केली. तोंड नीट हलवून सांगितलं, की सुधा ओरडली ती पाणी आल्यावर. जेवणाआधी नाही.

"नाई," ते म्हणाले. "जेवणाआधी. तुमी निखारे वढत होते."

मी पुन्हा सांगितलं. हाताने पाणी दाखवलं, पाळ दाखवली. त्यांना मी वेड्यासारखं काहीतरी बोलतोय असं वाटलं. त्यांच्या दृष्टीने यात कोडं नव्हतंच. लेकीने सांगितलं, त्यांनी केलं.

"पण सुधाच होती हे कशावरून?" मी विचारलं. कारण त्यांच्या कानातला सुधाचा आवाज आठ-नऊ वर्षांच्या पोरीचा होता. मोठ्या सुधाचा आवाज त्यांनी कधी ऐकलाच नव्हता.

ते थोडे हसले. "मंग वळखू नाई येत काय? जाड झाला आवाज तिचा. तिच्या मायवाणी." मग हात गळ्याशी नेऊन म्हणाले, "आखरीले फाटला. बांधा म्हणता म्हणता फाटला. मले वाटलं, पोरीचा घसा दुखून राहिला."

चहाचा कप घेऊन सुधा दारात उभी होती. जेवणाआधीचं तिला तेव्हाच कळलं.

पाण्याची कंपनं जमिनीतून जाणवली असतील, असं एक डॉक्टर मित्र म्हणाला. पण त्यांनी ऐकलं तेव्हा पाणी आलंच नव्हतं. योगायोग, असं दुसरा म्हणाला. वाक्याचा योगायोग मी एकवेळ मानीन. फाटलेल्या आवाजाचं काय करू? मामाजी पुढे बरीच वर्षं जगले. त्यांना पुन्हा कधी काही ऐकू आलं नाही. 

शेवटच्या दिवसांत ते सुधाला खाटेशी बसवत, डोळे मिटत आणि म्हणत, "बोल." ती त्यांच्या कानाशी वाकून बोलत राही. मिनूच्या शाळेचं, धानाच्या भावाचं, काहीबाही. ते वाट बघत. मग नाही म्हणून मान हलवत.

ते गेले त्या रात्री सुधा मला म्हणाली, "एवढ्या वर्सात बाबाले माहा आवाज एकदाच आयकू आला... आन् तोबी ओरडतानाचा."